दोन शहरं गाळा, दोन रात्री डोंगरात राहा

पत्र : ताई, माझा मुलगा आणि सून टोकियोला असतात. येत्या ऑक्टोबरात आम्ही दोघं दहा दिवसांसाठी त्यांच्याकडे जातोय. मी 63 वर्षांची, हे 68. यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. माझा उजवा गुडघा उतारावर दुखतो, पण सपाटीवर रोज पाच किलोमीटर चालते. मुलाने टोकियो, हाकोने, ताकायामा, क्योतो, ओसाका, हिरोशिमा असं सगळं बसवलंय. त्यातच ताकायामाहून एक दिवस कामिकोची नावाच्या नदीच्या दरीत जायचं आहे, तिथे तीन तास. फोटो बघून मी त्या दरीवर इतकी भाळले की तीन तास फारच कमी वाटतात. रात्री गरम पाण्याच्या कुंडाचं हॉटेल आहे. तिथे म्हणे अंगावर काहीही न ठेवता उतरायचं! माझं माहेर संगमेश्वरजवळचं. तुरळच्या उन्हाळ्यावर आजीबरोबर कितीदा आंघोळ केली, पण ती नेसत्या लुगड्यानिशी. आता सुनेसमोर हे कसं जमायचं? शिवाय आम्ही पूर्ण शाकाहारी. मुलाने एवढ्या हौसेने आखलंय, त्यात मोडता घालायचं जिवावर येतं. – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र वाचताना सगळ्यात आधी तुरळपाशी थांबले. गरम पाण्याच्या झऱ्याला ‘उन्हाळं’ म्हणणाऱ्या घरातून तुम्ही आलात, म्हणजे जपानच्या ओनसेनशी, तिथल्या गरम झऱ्यांच्या कुंडांशी, तुमची अर्धी ओळख लहानपणीच झाली आहे. उरलेल्या अर्ध्या ओळखीबद्दल पुढे सविस्तर लिहिते. आधी त्या तीन तासांचं बघू.

ताकायामाहून हिरायूपर्यंत बसने साधारण एक तास. तिथे बस बदलून बोगद्यातून कामिकोचीला पोचायला आणखी पंचवीस-तीस मिनिटं. थांबण्याचा वेळ धरला तर जाऊन-येऊन साडेतीन तास मोडतात आणि हातात तीन उरतात. त्यातला एक जेवणात आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत जातो. मग नदीवरच्या काप्पा पुलावर उभं राहून फोटो काढायचा आणि परत बस. मी पहिल्यांदा अशीच गेले होते. दुपार होती, ढग खाली उतरले होते, समोर होताकाची शिखरं आहेत हे फलकावर वाचून कळलं. दुसऱ्या खेपेला तिथे राहिले. पहाटे खोलीतून बाहेर आले तेव्हा दरीत अजून अंधार होता आणि वर फक्त शिखरांच्या टोकांना तांबडं ऊन लागलं होतं. नदीवर धुकं, पुलावर चार-पाच माणसं, सगळी गप्प. सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ एका दिवसासाठी येणाऱ्यांची असते. त्याच्या आधीची आणि नंतरची दरी फक्त मुक्कामाला राहिलेल्यांना दिसते.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात ठाम सल्ला : दरीत एक रात्र राहा, आणि दुसरी रात्र खाली हिरायूच्या ओनसेन गावात. त्या दोन रात्रींसाठी हाकोने आणि ओसाका गाळा. हाकोनेला लोक मुख्यतः डोंगर आणि गरम पाण्यासाठी जातात, ते दोन्ही तुम्हाला इथे जास्त निवांतपणे मिळेल. क्योतोतून ओसाकाला जाऊन यायचं तर एक संध्याकाळ पुरते. हिरोशिमाला का जायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, त्यात मी पडणार नाही.

मार्गही बदला. ताकायामाहून जाऊन तिथेच परतण्यापेक्षा पूर्वेकडून दरीत शिरा आणि पश्चिमेकडून बाहेर पडा. टोकियोच्या शिंजुकु स्थानकावरून मात्सुमोतोला जाणाऱ्या जलद गाडीचं नावच ‘आझुसा’ आहे, म्हणजे तुम्ही जिच्या काठाने चालणार आहात त्याच नदीचं. अडीच-पावणेतीन तासांत मात्सुमोतो. तिथून छोट्या गाडीने अर्ध्या तासात शिन-शिमाशिमा आणि पुढे तासाभराची बस. परतताना कामिकोची, हिरायू, ताकायामा आणि मग नागोयामार्गे क्योतो. बसच्या जागा आधी आरक्षित करायला मुलाला सांगा. आणि त्याने तुमच्यासाठी जपान रेल पास घ्यायचं मनात आणलं असेल तर आधी सुट्या तिकिटांचा हिशेब करू द्या. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा पास 29,650 येनवरून 50,000 येनवर गेला. शहरं कमी केल्यावर तो परवडेलच असं नाही, आणि डोंगरातल्या या बसेस त्यात येतही नाहीत.

मोठ्या बॅगा दरीत नेऊ नका. जपानमध्ये घरून किंवा हॉटेलातून बॅग पुढच्या हॉटेलात पाठवायची फार चोख सोय आहे, तिला ताकुहाइबिन म्हणतात. टोकियोहून बॅगा थेट ताकायामाच्या हॉटेलात पाठवा आणि दोन रात्रींपुरतं सामान पाठीवरच्या पिशवीत घ्या. गुडघ्यासाठी एवढं एक केलंत तरी निम्मं काम झालं.

आता प्रत्यक्ष चालण्याबद्दल. डोंगरातली वाट म्हणून घाबरू नका. कामिकोचीचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटरवर आहे आणि भोवती तीन हजार मीटरच्याही वर जाणारे डोंगर असले तरी तळ स्वतः सपाट आहे. बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊ नका. अलीकडे ताइशो तळ्याच्या थांब्यावर उतरा. 6 जून 1915 रोजी शेजारचा याकेदाके ज्वालामुखी फुटला, चिखलाचा लोंढा खाली आला आणि आझुसा नदी अडली. त्यातून हे तळं झालं. तो जपानमधला ताइशो काळ, म्हणून ते नाव. पाण्यात उभी राहून वाळलेली काही झाडं अजून दिसतात. पूर्वी ती पुष्कळ होती, आणि नदी वरून आणत असलेल्या गाळाने तळंही लहान होत चाललंय. सकाळी वारा नसताना त्या पाण्यात होताकाची रांग उलटी उतरलेली असते. तिथून काप्पा पुलापर्यंत तासाभराची वाट आहे, बरीचशी लाकडी फळ्यांची. दव किंवा पाऊस असला की फळ्या निसरड्या होतात, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट आणि रबरी टोकाची काठी हवीच. सँडल घालून जाऊ नका.

काप्पा पुलाच्या पुढे नदीच्या दोन्ही काठांनी म्योजिनपर्यंत वाटा जातात. एका काठाने जायचं, म्योजिनचा पूल ओलांडायचा, दुसऱ्या काठाने परत. सगळं मिळून अडीच ते तीन तास, तुमच्या रोजच्या चालीला सहज जमेल. उजव्या काठाची वाट जास्त सुंदर आहे : दलदलीवरून जाणाऱ्या फळ्या, खाली काचेसारखं पाणी, मधूनच माकडांची टोळी. डावा काठ रुंद आणि सरळ, गुडघ्याला सोपा. म्हणून जाताना उजवा आणि दमल्यावर येताना डावा. म्योजिनला होताका देवस्थानाची आतली जागा आहे. थोडं शुल्क देऊन आत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी अगदी निश्चल तळं. दरवर्षी 8 ऑक्टोबरला तिथे नौकांचा उत्सव होतो, देवासाठी सजवलेल्या होड्या त्या तळ्यात फिरतात. तुमच्या तारखा अजून हलवता येत असतील तर तो दिवस नजरेसमोर ठेवा. कामिकोची हे नाव आज ‘वरची उंच जागा’ अशा अर्थाच्या चिन्हांनी लिहितात, पण जुन्या लिखाणात त्यात ‘देव’ या अर्थाचं चिन्ह असायचं. म्योजिनच्या काठावर दहा मिनिटं बसलात की जुनं नाव जास्त खरं वाटेल.

तळ्याच्या अलीकडे एक जुनी झोपडी आहे. कामिजो कामोन्जी या वाटाड्याच्या नावाची. इंग्रज धर्मोपदेशक वॉल्टर वेस्टन, ज्याच्या लिखाणामुळे ‘जपानी आल्प्स’ हे नाव जगभर पोचलं, त्याला या डोंगरांत घेऊन जाणारा हाच. आत चुलीभोवती मासे भाजत लावलेले असतात. तुम्हाला वास सहन होणार नसेल तर बाहेरूनच बघा.

नदीचा रंग फोटोत रंगवल्यासारखा वाटतो, पण तो तसाच आहे. तळाशी ग्रॅनाइटचे पांढरे गोटे आणि पाण्यात गाळ जवळजवळ नाही, म्हणून तो निळसर हिरवा दिसतो. हीच आझुसा पुढे साइ नदी होते, मग चिकुमाला मिळते आणि शेवटी शिनानो या नावाने जपानच्या समुद्रात जाते. 367 किलोमीटरची शिनानो ही जपानमधली सगळ्यात लांब नदी. तिचं एक मूळ तुम्ही हातात घेऊन बघणार आहात. फक्त हातात घ्या, गोटा पिशवीत टाकू नका. आपल्याला नर्मदेचा गोटा घरी आणायची सवय, म्हणून मुद्दाम सांगते. इथे दगड, पान, फूल काहीही उचलायला कायद्याने बंदी आहे. कचऱ्याच्या पेट्या नाहीत, आपला कचरा आपल्याबरोबर परत न्यायचा.

रंगांसाठी महिन्याचा तिसरा आठवडा बहुधा सगळ्यात चांगला. कारामात्सु नावाचं सूचिपर्णी झाड तिथे खूप आहे. जपानमधल्या मूळच्या सूचिपर्णी झाडांपैकी पानं गाळणारं हे एकटंच. ऑक्टोबरच्या अखेरीकडे त्याच्या सुया सोनेरी होतात आणि वाऱ्याबरोबर त्यांचा पाऊस पडतो. मात्र तोपर्यंत पहाटेची थंडी शून्याच्या आसपास येते, तेव्हा लोकरी टोपी, हातमोजे आणि आतून घालायचे उबदार कपडे घ्या. 15 नोव्हेंबरनंतर दरी हिवाळ्यासाठी बंद होते.

अस्वलांची बातमी तुमच्या मुलाने वाचली असेलच. अलीकडच्या वर्षांत जपानमध्ये अस्वलं माणसांच्या जवळ जास्त येऊ लागली आहेत आणि कामिकोचीतही ती आहेत. माहितीकेंद्रात रोजची खबर लावलेली असते, ती वाचून निघा. पिशवीला छोटी घंटा बांधा, पहाटे किंवा संध्याकाळी एकट्याने लांब जाऊ नका, खाऊ उघडा ठेवू नका. माकडांना काही देऊ नका, त्यांच्याकडे टक लावून बघूही नका. आणि परतीची शेवटची बस चुकवू नका. खासगी गाड्यांना दरीत बंदी आहे आणि प्रवेशाचा बोगदा रात्री बंद असतो, त्यामुळे ‘टॅक्सी बोलावू’ हा उपाय तिथे चालत नाही.

आता कुंड. तुम्ही जे ऐकलंय ते खरं आहे. सार्वजनिक ओनसेनमध्ये अंगावर काही न ठेवता उतरतात, पोहण्याचे कपडेही सहसा चालत नाहीत. पण बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं असतं, दारावर वेगवेगळे पडदे असतात. कपडे टोपलीत ठेवायचे, हातभर लांबीचा एक छोटा टॉवेल घेऊन आत जायचं, बसक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, केस वर बांधायचे आणि मग पाण्यात. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. कुंड आंघोळीसाठी नाही, शेकण्यासाठी आहे. तुरळला आजीने अंग चोळून दिलं असेल, इथे ते बाहेरच उरकून यायचं.

आत गेल्यावर काय होतं तेही सांगते. पहिली दोन मिनिटं जीव नकोसा होतो. मग लक्षात येतं की कुणी बघत नाही. सत्तरीच्या बायका, लेकुरवाळ्या, शाळकरी मुली, ऑपरेशनचे व्रण असलेल्या, सगळ्या डोळे मिटून समोरच्या डोंगराकडे तोंड करून बसलेल्या. मला तिथे पहिल्यांदा जाणवलं की आपलं पिकत चाललेलं शरीर आपण किती वर्षं स्वतःपासूनसुद्धा लपवून ठेवलंय. ते ओझं उतरलं तेव्हा मला रडू आलं. पण हा माझा अनुभव. तुमच्यावर तो घेण्याची सक्ती नाही, आणि ‘जपानला जाऊन हे केलं नाही तर काय केलं’ असं म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही, मुलालाही नाही.

तुमच्यासाठी मधले रस्ते आहेत. बऱ्याच ओनसेन हॉटेलांत काशिकिरी-बुरो मिळतं, म्हणजे पाऊण-एक तासासाठी आपल्यापुरतं राखून ठेवलेलं कुंड, आतून कडी लावायची. तुम्ही दोघं नवरा-बायको त्यात जा. उघड्यावरचं असेल तर आकाशाखाली, नदीच्या आवाजात, चाळीस वर्षांच्या संसारानंतर असा एक तास मिळणं ही काय चीज असते ते परत आल्यावर मला लिहा. दुसरा मार्ग म्हणजे खोलीला जोडून स्वतंत्र कुंड असलेली खोली, ती महाग पडते. तिसरा अगदी सोपा : आशियू. फक्त पाय बुडवून बसायचं कुंड. साडी पोटऱ्यांपर्यंत वर घ्या आणि बसा, हिरायूत ही सोय आहे. एक सावधगिरी मात्र हवी. ओकुहिदा आणि शिराहोने या भागात काही उघडी कुंडं स्त्री-पुरुष एकत्र अशी आहेत, त्यांना कोन्योकु म्हणतात. काहींत बायकांना अंगभर घालायचं युआमिगी नावाचं वस्त्र चालतं, काहींत नाही. आरक्षण करतानाच सुनेला हे विचारून घ्यायला सांगा.

आणि सुनेबद्दल. हॉटेल तिने निवडलं की मुलाने, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पण सासूसमोर कपडे उतरवायचे या कल्पनेने तीही तितकीच अवघडली असेल अशी माझी खात्री आहे. फोनवर तिला सरळ म्हणा, ‘अगं, मला लाज वाटते, आपण वेगवेगळ्या वेळी जाऊ या का?’ पलीकडून सुटकेचा निःश्वास ऐकू आला तर आश्चर्य मानू नका.

पाण्यात उतरण्याआधी दागिने काढा. तिथल्या अनेक झऱ्यांत गंधक असतं आणि गंधकाने चांदी काळी पडते. पैंजण, जोडवी आधीच काढून डब्यात ठेवा, मंगळसूत्रही. शिराहोनेचं पाणी तर दुधासारखं पांढरं असतं. झऱ्यातून निघताना ते स्वच्छ असतं, हवेत आल्यावर पांढरं होत जातं. तीन दिवस त्यात शेकलं तर तीन वर्षं सर्दी होत नाही अशी तिथे म्हण आहे. ही सगळी ऊब तिथल्या ज्वालामुखींच्या टापूतली. आपल्या कोकणातल्या उन्हाळ्यांखाली जागा ज्वालामुखी नाही, तिथे पाणी जमिनीच्या भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि वर येतं.

तुमच्या यजमानांच्या रक्तदाबाबद्दल मात्र हयगय नको. निघण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की 40 ते 42 अंशांच्या पाण्यात बसलं तर चालेल का, आणि गोळ्यांच्या वेळा बदलायच्या का. त्यांनी होकार दिला तर : थंडगार कपडे बदलायच्या खोलीतून एकदम कढत पाण्यात उडी घेऊ नये, आधी पायांपासून वर तांब्या-तांब्याने पाणी घ्यावं. कमरेपर्यंतच बसावं. पाच मिनिटांत बाहेर यावं, हळू उठावं, पाणी प्यावं. जेवणानंतर लगेच नाही, दारूनंतर अजिबात नाही, आणि एकट्याने नाही. पुरुषांच्या बाजूला मुलाने बरोबर असावं.

खोली घेताना ‘पलंग हवा’ असं आवर्जून सांगा. पारंपरिक खोलीत चटईवर गादी घालतात आणि जेवणही बुटक्या मेजावर. तुमच्या गुडघ्याला दोन रात्री खाली बसणं-उठणं जड जाईल. अर्धी जपानी, अर्धी पाश्चात्त्य धर्तीची खोली बहुतेक ठिकाणी मिळते. तिथला युकाता, म्हणजे हॉटेलात घालायला देतात तो सुती झगा, घालताना डावा पदर उजव्यावर घ्या. उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात, त्यामुळे कामवाली बाई धावत येऊन नीट करून देईल.

जेवणाची अडचण खरी आहे, ती मी गोड करून सांगणार नाही. मांस-मासे वगळले तरी ‘दाशी’ राहते. हा माशाचा अर्क सारात, भाजीत, सोबा शेवयांच्या सोबत येणाऱ्या पाण्यातही असतो. ‘शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही. मुलाने आरक्षणाच्या वेळीच जपानीत लिहावं : मांस नको, मासे नकोत, माशाची दाशी नको, समुद्री शेवाळाची चालेल. आयत्या वेळी सांगितलं तर स्वयंपाकघराला काहीच करता येत नाही आणि त्यांना फार अपराधी वाटतं. आधी कळवलं तर भात, टोफू, रानभाज्या, लोणची असं नेटकं ताट मिळू शकतं. सोबत खाकरे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पोहे न्या. ताजी फळं, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता नेऊ नका, विमानतळावर अडवतील. मात्सुमोतोला ओयाकी विचारा. भाजी भरलेले कणकेचे गोळे, आपल्या सारणाच्या पदार्थांची आठवण येते. सारणात काय आहे तेवढं आधी विचारायचं. ताकायामाला काडीवर भाजलेले तांदळाचे गोळे मिळतात, सोया सॉस लावलेले, तिखटमिठाच्या माणसाला आवडतील असे.

राहिला मुलगा. तुम्हाला वाटतं की बदल सुचवला तर तो हिरमुसेल. त्याने सहा शहरं का बसवली असतील याचा विचार करा. आई-बाबा पुन्हा कधी येतील कोण जाणे, म्हणून त्याला सगळंच दाखवायचं आहे. ती घाई प्रेमापोटीच आहे. तेव्हा ‘तुझा बेत दगदगीचा आहे’ असं म्हणू नका, काय हवंय ते सांगा. आणि आजच सांगा, कारण ऑक्टोबरात दरीतल्या खोल्या फार आधी भरतात. शनिवार-रविवार टाळा. कामिकोचीत जागा नाहीच मिळाली तर दोन्ही रात्री हिरायूत काढा आणि सकाळच्या पहिल्या बसने वर जा.

शब्द सापडत नसतील तर हे जसंच्या तसं पाठवा : ‘बाळा, हाकोने आणि ओसाका राहू दे. मला त्या नदीकाठी तुझ्याबरोबर सकाळी चालायचं आहे. दोन रात्री तिथल्या बघ. खोलीत पलंग हवा, आणि बाबांसाठी-माझ्यासाठी कडी लावता येईल असं कुंड.’